‘उच्च पट्टरुंदी’ की ‘मोठी वहनक्षमता’?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका अभियंत्याने विचारले आहे की, एकाच पॅकेजमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या चिपा एकमेकींना प्रचंड प्रमाणात माहिती कशी पुरवतात यावरच्या मराठी लेखाला त्यांनी ‘एका पुडक्यातील चिप्समधील उच्च पट्टरुंदी संवाद’ असे शीर्षक दिले आहे, ते योग्य आहे का. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात मोठी चूक नाही, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वाचकाला भलतीकडे नेतो आणि ‘पट्टरुंदी’ तर सर्वांत जास्त.

‘पट्टरुंदी’ हा ज्याचा अनुवाद आहे तो ‘बँडविड्थ’ हा शब्द मुळात रेडिओ आणि तारायंत्रांच्या शास्त्रातला. तेथे कंप्रतांचा (फ्रिक्वेन्सींचा) एक पट्टा असतो, त्या पट्ट्याची रुंदी हर्ट्झमध्ये मोजतात, आणि त्या अर्थाने ‘पट्टरुंदी’ अगदी चपखल आहे. 1948 साली गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी गणिताने दाखवले की एखाद्या मार्गावरून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती बिनचूक पाठवता येईल हे त्या पट्ट्याच्या रुंदीवर आणि संदेशाच्या मानाने गोंगाट किती आहे यावर अवलंबून असते. या नात्यामुळेच संगणकवाल्यांच्या बोलण्यात कारणाचे नाव परिणामाला चिकटले आणि ‘बँडविड्थ’ म्हणजे दर सेकंदाला वाहून नेता येणारी माहिती, असा दुसरा अर्थ रूढ झाला. चिपांच्या संदर्भात हा दुसरा अर्थच अभिप्रेत असतो. तेथे हिशेब हर्ट्झचा नसून गिगाबाइटांचा असतो.

या दुसऱ्या अर्थासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही, कारण आपल्या पाटबंधारे खात्याच्या मराठीत तो कधीपासून आहे: कालव्याची ‘वहनक्षमता’. कोल्हापूरकराला तर ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की 1428 क्युसेक विसर्ग होतो आणि सातही उघडले की 9996 क्युसेक, हा गुणाकार दर पावसाळ्यात पंचगंगेची पातळी पाहणारे सगळेच करतात. चिपांचेही तसेच आहे. 2013 साली प्रमाणित झालेल्या एचबीएम (हाय बँडविड्थ मेमरी) या रचनेत स्मृतिचिपा एकावर एक रचतात आणि अशा एका चळतीपासून 1024 माहितीवाहक तारा निघतात. पहिल्या पिढीत प्रत्येक तारेवरून दर सेकंदाला केवळ 1 गिगाबिट जात असे, तरी एका चळतीची बेरीज 128 गिगाबाइट होई (आठ बिटांचा एक बाइट). 2015 साली एएमडी या चिप कंपनीने अशा चार चळती एका ग्राफिक्स चिपेशेजारी बसवल्या, तेव्हा 4096 तारांवरून मिळून 512 गिगाबाइटांची वहनक्षमता मिळाली. त्याच काळातल्या नेहमीच्या ग्राफिक्स स्मृतीत एकेका तारेचा वेग याच्या कितीतरी पट होता, पण तारा मोजक्या होत्या. एवढ्या हजारो तारा साध्या सर्किट बोर्डावर ओढायला जागाच पुरत नाही. म्हणून दोन्ही चिपांच्या खाली सिलिकॉनचीच एक पाटी घालून तिच्यावर त्या अतिसूक्ष्म तारा कोरतात. तिला ‘इंटरपोझर’ म्हणतात, आणि तो शब्द जसाच्या तसा घ्यायला माझी हरकत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘वेगवान’ हे विशेषण येथे टाळावे, कारण खुबी एका दरवाजाच्या जोरात नसून दरवाज्यांच्या संख्येत आहे. दुसरी, या रचनेत खरोखरची ‘रुंदी’ वेगळीच असते, ती म्हणजे 1024 तारांची. तेव्हा ‘1024 बिट रुंदीच्या मार्गाची पट्टरुंदी 128 गिगाबाइट’ असे वाक्य लिहिले तर कोणती रुंदी कोणाची, हे लेखकालाही सांगता येणार नाही. ‘उच्च’ हे विशेषण दाबाला किंवा तापमानाला शोभते. क्षमता ‘मोठी’ असते.

‘संवाद’ माणसांचा. चिपांच्या बाबतीत ‘देवाणघेवाण’ पुरे. ‘पॅकेज’ तसेच राहू द्यावे. ‘वेष्टन’ म्हटले की फक्त झाकण डोळ्यांसमोर येते, तर येथे पॅकेज चिपांना आधार देते आणि बाहेरच्या बोर्डाशी जोडतेही. ‘पुडक्यातील चिप्स’ म्हटल्यावर मात्र कोणाही मराठी माणसाला बटाट्याचे वेफर्सच आठवतील, आणि गंमत अशी की सिलिकॉनच्या चकतीलाही ‘वेफर’च म्हणतात, त्यामुळे तेथून सुटका नाही. निदान इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढवून ‘चिप्समधील’ करू नये. ‘चिपांमधील’ सरळ आहे. म्हणून मी शीर्षक असे करीन: ‘एकाच पॅकेजमधील चिपांची मोठ्या वहनक्षमतेची देवाणघेवाण’. लांब आहे, पण खोटे नाही.

त्यांनी जाता जाता ‘डाय’ या शब्दाबद्दलही विचारले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, ‘डाय’ म्हणजे साचा, हे येथे शेंबडे पोरही सांगेल. सिलिकॉनच्या व्यवहारात मात्र ‘डाय’ म्हणजे वेफर कापून निघालेला चौकोनी तुकडा, म्हणजे घडवणारी वस्तू नव्हे, तर घडलेली. कोल्हापुरात वाचल्या जाणाऱ्या लेखात हा शब्द पहिल्यांदा येईल तेथे अर्थ सांगावाच लागेल. ताटात थापून सुरीने पाडलेल्या वड्या आठवल्या तर ‘वडी’ हा शब्द मला स्वतःला फार आवडतो, पण पुडके टाळून पुन्हा फराळाकडेच वळलो असे कोणी म्हणेल, म्हणून ‘तुकडा’ सुचवतो.