प्रवेश मिळेल हो, पण शिष्यवृत्तीसकट?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. वय २९, मिनिआपोलिसमध्ये भाडेकरूंसाठी काम करणाऱ्या संस्थेत पाच वर्षं नोकरी, पगार वर्षाला ५८,००० डॉलर, बचत ४०,०००, ग्रीन कार्ड आहे, डोक्यावर कर्ज नाही. पब्लिक पॉलिसीत, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासात, मास्टर्स करायचंय. पदवीचा जीपीए (गुणांची सरासरी) चारपैकी ३.१, त्यात स्टॅटिस्टिक्सला सी प्लस. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या सरावात क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, १५४. एका प्रवेश-सल्लागाराने ५,५०० डॉलरचं पॅकेज सांगितलंय आणि नऊ शाळांची नावं लिहून प्रत्येकीपुढे प्रवेशाच्या शक्यतेचे टक्के मांडलेत: हार्वर्ड केनेडी १८, शिकागो हॅरिस ६०, जॉर्जटाऊन मॅकोर्ट ७० वगैरे. हे पैसे घालू का, असं तुम्ही विचारलंय.

नका घालू. कारण सांगतो.

ते टक्के आले कुठून, हे त्या गृहस्थांना विचारून बघा. शाळेने एकूण किती अर्जांना होकार दिला हे कधीकधी कळतं, पण तुमच्यासारख्या फाइलला किती वेळा होकार मिळाला हे बाहेरच्या कुणाला कळायला मार्ग नाही. शिवाय नऊ अर्ज म्हणजे नऊ स्वतंत्र संधी नव्हेत. लॉटरीची नऊ तिकिटं घेतली तर शक्यता वाढते. इथे नऊही समित्या तीच गुणपत्रिका आणि तोच सी प्लस बघणार. गुंतवणुकीत एकाच क्षेत्राचे नऊ शेअर घेऊन ‘मी जोखीम विभागली’ म्हणणारे रोज भेटतात, त्यातलाच हा प्रकार.

फाइल मात्र वाईट नाही. या अभ्यासक्रमांना कामाचा अनुभव हवा असतो आणि तो तुमच्याकडे भरपूर आहे. शंका येणार ती आकड्यांची. पहिल्या वर्षी मायक्रोइकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, रिग्रेशन हेच डोकं खातात, आणि हिला ते झेपेल का, हे समिती बघणार. त्याचं उत्तर निबंधाला कितीही पॉलिश केलं तरी मिळत नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात स्टॅटिस्टिक्स आणि मायक्रो घ्या, दोन्हीत ए आणा. एकेका विषयाचा खर्च काही शेकड्यांत. उन्हाळाच म्हणतोय, कारण बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीची असते आणि फॉल सेमिस्टरचे ग्रेड वेळेत हाती येत नाहीत. जीआरईची फी २२० डॉलर, गुण पाच वर्षं चालतात. काही शाळांनी ती ऐच्छिक केलीय, पण क्वांट १६० च्या पुढे गेलं तर जरूर पाठवा. जुन्या सी प्लसला ते उत्तर होईल.

निबंधाचा मसुदा तुम्ही जोडलात म्हणून एक सांगतो. पहिला परिच्छेद सामाजिक न्यायाच्या तळमळीवर खर्ची पडलाय. तिसऱ्यात, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की कोर्टातले घर खाली करायचे खटले एक्सेलमध्ये उतरवले, तेव्हा मोजक्याच घरमालकांची नावं पुन्हापुन्हा दिसली. अहो, हाच तुमचा अर्ज! तो परिच्छेद वर आणा. माझी फी काही साडेपाच हजार नाही.

आता खरा मुद्दा. बऱ्याच नामवंत पॉलिसी शाळा पूर्ण पैसे मोजणाऱ्याला प्रवेश देताना फारशी कंजुषी करत नाहीत. हात आखडतो तो शिष्यवृत्ती देताना. प्रिन्स्टन हा अपवाद: वर्ग छोटा, मदत भरघोस, म्हणून शिरणं महाकठीण. तेव्हा ‘प्रवेश मिळेल का’ यापेक्षा ‘कितीत मिळेल’ हे बघायला हवं.

मोठ्या खासगी शाळेचं शिक्षणशुल्कच वर्षाला ६०,००० डॉलरच्या वर असतं. ६२,००० धरू, राहणं-खाणं-विमा २८,०००. दोन वर्षांचे १,८०,०००. पूर्वी ग्रॅड प्लस या केंद्र सरकारी कर्जाने सगळी फट बुजवता यायची. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ती सोय बंद केली, आणि तुमच्यासारख्या मास्टर्सवाल्यांना केंद्र सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० पर्यंतच. म्हणजे दोन वर्षांत ४१,०००. बचतीतले १२,००० अडीअडचणीला ठेवले तर तुमचे २८,०००. उरले १,११,०००, तेही खासगी कर्जाने. नऊ टक्के दराने दहा वर्षं महिन्याला साधारण १,४०० डॉलर हप्ता. तुम्हाला पुढे ८०,००० पगाराची आशा आहे. कर वजा जाता वाढीव पगार महिन्याला तेवढाही हाती येणार नाही. सगळी वाढ हप्त्यात जाणार, वर दोन वर्षांचा बुडालेला पगार वेगळाच.

निम्मं शुल्क माफ झालं तर खासगी कर्ज ४९,००० वर येतं, हप्ता सहाशेच्या आसपास. पूर्ण माफ झालं तर खासगी कर्जाची गरजच नाही. आणि हे लक्षात घ्या: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ करणारी पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस योजना फक्त केंद्र सरकारी कर्जाला लागू आहे. खासगी कर्ज फेडावंच लागतं.

८०,००० च्या आशेबद्दलही थोडं हात राखून बोला. पॉलिसीची पदवी घेऊन केंद्र सरकारात शिरायचा जुना रस्ता म्हणजे प्रेसिडेन्शियल मॅनेजमेंट फेलोज हा कार्यक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून तो बंद केला.

माझ्या मते पाच अर्ज पुरेत. मिनेसोटाचं हम्फ्री स्कूल पहिलं, कारण तिथे तुम्हाला राज्यातल्या रहिवाशाचं शुल्क लागेल आणि नोकरी न सोडता हळूहळू करता येईल का हेही विचारता येईल. तुमच्या संस्थेच्या एचआरलाही विचारा: मालकाने शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले तर त्यावर तुम्हाला कर लागत नाही. खासगीपैकी तीन, जिथे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळते. पाचवा प्रिन्स्टन, हौसेचा.

मार्चमध्ये पत्रं येतील. निम्म्याहून कमी शुल्क माफ करणाऱ्या खासगी शाळेला लगेच होकार कळवू नका. दुसरीकडचं चांगलं पत्र जोडून ‘पुनर्विचार होईल का’ असा सभ्य ईमेल टाका. यात लाजण्यासारखं काही नाही, लोक सर्रास विचारतात. परत न मिळणारं डिपॉझिट एकाच ठिकाणी भरा.

तुमचा भाऊ को-साइन करायला, म्हणजे हमीदार म्हणून सही करायला, तयार आहे म्हणता. खासगी कर्जावर त्याची सही म्हणजे हप्ता चुकला की बँक त्याच्या दारात. त्याचं घराचं कर्ज अजून व्हायचंय असंही तुम्हीच लिहिलंय. ही सही त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर दिसेल आणि घराचं कर्ज कमी मंजूर होऊ शकतं. एक लाखाच्या कर्जावर तरी त्याची सही घेऊ नका.