कुंडीतल्या व्हेरिगेटेड (हिरव्या-पांढऱ्या पानांच्या) फायकसची पानं हिरवी का होतायत?

नाशिकच्या उन्हात गच्चीवर ठेवलेला फायकस नुसताच हिरवा होत चालला असेल, तर आधी कात्री घ्या. पूर्ण हिरवी फांदी जिथून फुटली तिथूनच कापा. शेंडा खुडून भागत नाही. चीक हाताला लागू देऊ नका. हिरव्या पानांत हरितद्रव्य जास्त, म्हणून ती फांदी जोमाने वाढते आणि पांढऱ्या कडांच्या फांद्यांना मागे टाकते. अगदी सावलीतही हिरवा रंग वाढतो, त्यामुळे सकाळचं ऊन हवंच. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी हिरवी जाळी लावा, पांढरा भाग आधी करपतो. युरिया नको, मूठभर गांडूळखत पुरे. थंडीत वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी. आणि कुंडी सारखी हलवू नका, फायकस रुसून पानं गाळतो.