वेलींच्या बियांची उगवण टिश्यू कल्चरने वाढते का?

नाशिकला गच्चीवर कृष्णकमळ, कळलावी आणि गोकर्णाचं बी लावलं, निम्मंसुद्धा उगवलं नाही, टिश्यू कल्चरने, म्हणजे बाटलीत निर्जंतुक पोषक माध्यमावर रोप वाढवून, फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. पडतो, पण त्यातलं बरंचसं काम बी बाटलीत जाण्याआधीच होतं. मी वेलींची रोपं करतो, म्हणून आधी बी कशाने अडलंय ते बघा, असं कळकळीने सांगेन.

गोकर्णाचं कवच पाणीच आत घेत नाही. पॉलिश पेपरवर जरा घासा, रात्रभर भिजवा, फुगलेलं बी पेरा. त्याला प्रयोगशाळेचा खर्च कशाला? कृष्णकमळाचं बी ताजंच हवं. गर पूर्ण धुऊन काढा आणि जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संप्रेरक) पाण्यात भिजवा. द्राक्षामुळे आपल्याकडे जीए कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. कळलावीला मात्र ऊब आणि सबुरी लागते, तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. इथल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती पेरूच नका. तिचं बी नि कंद दोन्ही विषारी, हातमोजे घाला.

बाटलीचा खरा फायदा बी मोजकंच असेल किंवा आतला गर्भ अशक्त असेल तेव्हा. बी ७० टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा-पंधरा मिनिटं, नंतर निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) कवच काढून, जमल्यास नुसता गर्भ अर्ध्या ताकदीच्या एमएस माध्यमावर ठेवायचा. हे माध्यम मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली दिलं. लिटरला २० ते ३० ग्रॅम साखर, साधारण ८ ग्रॅम अगार (माध्यम थिजवणारा पदार्थ), पीएच ५.८, १२१ अंशांवर निर्जंतुक. जीए उष्णतेने बिघडतं, म्हणून ते गाळून मागाहून घालतात. कवच निघालं की अंकुर लवकर दिसतो, आणि त्याच रोपाच्या पेरांपासून पुढे कितीतरी रोपं करता येतात. घरच्या स्वयंपाकघरात हे करू नका, बुरशी सगळं खाते.

रोपं मरतात ती बहुतेक बाहेर काढल्यावर. बाटलीतल्या दमट हवेत पानांवर मेणाचा थर नीट तयार होत नाही, आणि नाशिकचा मार्च-एप्रिल कोरडा. मुळांवरचा अगार धुऊन कोकोपीटमध्ये लावा, वर प्लास्टिक झाका, रोज थोडं थोडं उघडा. जुलैत काढलीत तर सोपं जातं.

पुढे मधुमालती किंवा संक्रांतवेल हवी असेल, तर बियांच्या नादी लागू नका, फांदी लावा.