वाचकांचे प्रश्न : वहाळातल्या डायटमची ओळख कशी पटवावी?

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर शाळेमागच्या वहाळातील दगडांवरचा तपकिरी बुळबुळीत थर खरवडून मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्यात होडीच्या आकाराचे सोनेरी डायटम (सूक्ष्म एकपेशीय शैवाल) सरकताना दिसले आणि काही अगदी आयताकृती होते. या दोन वेगळ्या जाती आहेत का? मोबाइलवरील ॲप मात्र सगळ्यांनाच ‘नॅविक्युला’ म्हणते. आमच्याकडे ४० पटींचे वस्तुभिंग आहे. तेवढ्यावर नाव ठरवता येईल का?

उत्तर : होडी आणि आयत या बहुधा एकाच डायटमच्या दोन बाजू आहेत. मराठीत डायटमना ‘करंडक वनस्पती’ असे सार्थ नाव आहे. कुंकवाच्या करंड्याला जसे बूड आणि त्यावर बसणारे झाकण असते, तशाच एकमेकांत बसणाऱ्या सिलिकाच्या दोन झडपांची ही पेटी असते. ती वरून, म्हणजे झाकणाच्या बाजूने पाहिली की होडी दिसते आणि कडेवर उभी राहिली की आयत दिसतो. याची खात्री मुलांसमोरच करून घ्या. आयताकृती पेशी नजरेत धरून आच्छादक काचेच्या कडेवर पेन्सिलीच्या टोकाने अगदी हलकेच टिचकी द्या. पाणी किंचित हलते, आयत कलंडतो आणि त्याच जागी होडी दिसू लागते. ओळख पटवण्याची सुरुवात या टिचकीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण कोणती बाजू पाहतो आहोत हे न ठरवता चित्रांशी ताडून पाहिले की एकाच पेशीला दोन नावे पडतात. ॲपचीही अडचण तीच आहे. शिवाय त्याला जिवंत पेशीचे धूसर छायाचित्र मिळते, आणि नाव ठरवणाऱ्या खुणा तर कवचावर असतात.

तरीही जिवंत पेशी पाहणे मुळीच टाळू नका. ‘नॅविक्युला’मध्ये दोन हरितलवके लांबीच्या दोन कडांना पसरलेली असतात, तर ‘निट्झ्शिया’मध्ये ती दोन टोकांकडे एकेक असतात आणि मधली जागा मोकळी राहते. आंब्याच्या फोडीसारखी एका बाजूला फुगीर पेशी दिसली तर ‘सिंबेला’चा विचार करावा. एक टोक रुंद व दुसरे निमुळते असेल, आणि कडेवर उभी राहिल्यावर पेशी आयताऐवजी पाचरीसारखी दिसत असेल, तर ती ‘गोंफोनेमा’ असण्याची शक्यता अधिक. सरकणे हीदेखील खूणच आहे. असे डायटम झडपेवरील ‘राफे’ नावाच्या चिरेतून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याच्या आधाराने पुढे जातात.

यापुढे जायचे तर कवच स्वच्छ केले पाहिजे. प्रयोगशाळांत त्यासाठी तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा आम्ले वापरतात. शाळेत त्यांच्या वाटेला जाऊ नये. खरवड ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा धुऊन तिचा पातळ थेंब आच्छादक काचेवर वाळवा. ती काच पत्र्याच्या तुकड्यावर ठेवून खालून मध्यम आच द्या. तपकिरी थर आधी काळा पडतो, मग राखाडी-पांढरा होतो. म्हणजे सेंद्रिय भाग जळून सिलिका उरली. काच पूर्ण निवल्यावर ती काचपट्टीवर उपडी ठेवून कडा नेलपॉलिशने बंद करा. आत हवाच राहू द्या. सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे १.४३ ते १.४६ आणि नमुने बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेचा सुमारे १.५३; दोन्ही जवळजवळचे, त्यामुळे बाल्सममध्ये कवच फिकट दिसते. हवेत मात्र ते ठसठशीत उठून दिसते. कायमच्या नमुन्यांसाठी अभ्यासक सुमारे १.७ अपवर्तनांकाची ‘नॅफ्रॅक्स’ नावाची राळ वापरतात.

आता झडपेवरच्या आडव्या रेषा १० मायक्रोमीटरमध्ये किती बसतात ते मोजा. पेशी विभागताना नवी झडप नेहमी जुनीच्या आत तयार होते, त्यामुळे पिढ्यागणिक सरासरी लांबी घटत जाते आणि लैंगिक प्रजननानंतर ती पुन्हा भरून निघते. म्हणून केवळ लांबीवर विसंबू नये, रेषांची दाटी त्या मानाने स्थिर असते. आपल्या वस्तुभिंगाचे संख्यात्मक छिद्रमान (एनए, बारीक तपशील वेगळे दाखवण्याच्या क्षमतेचे माप) ०.६५ असेल, तर सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचे अंतर वेगळे दिसू शकते. १० मायक्रोमीटरमध्ये १०-१२ रेषा असतील तर त्या मोजता येतील. २० च्या पुढे गेल्या की तेलात बुडवायचे १०० पटींचे वस्तुभिंगच हवे. तेव्हा ४० पटींवर प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ओळखावी आणि तिथेच थांबावे. नेमकी जाती (स्पीशीज) ठरवण्यासाठी पुष्कळदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, त्यामुळे ‘नॅविक्युला, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करण्यात काहीच कमीपणा नाही.

नमुना मात्र नीट घ्या. वाहत्या पाण्यातील पाच-सहा दगड जुन्या टूथब्रशने घासून निघालेली खरवड एकत्र करावी. जागा भरतीचे पाणी पोचते त्याच्या वरची असावी, नाहीतर खाडीतील खाऱ्या पाण्याचे डायटम मिसळतात आणि गोड्या पाण्याच्या चित्रांत ते सापडत नाहीत. पावसाळ्यात सड्यावरील जांभ्याच्या खळग्यांतूनही वेगळा नमुना घ्या. तिथल्या क्षार कमी असलेल्या पाण्यात ‘युनोशिया’ आढळण्याची शक्यता आहे. ती धनुष्यासारखी किंचित वाकलेली असते आणि तिची राफे टोकांपाशी जेमतेम दिसते. प्रत्येक बाटलीवर तारीख, जागा आणि पाणी वाहते होते की साचलेले, हे पेन्सिलीने लिहा. शाईचे अक्षर ओल्या चिठ्ठीवर टिकत नाही.