करारात नसलेली अट कोर्टाला कुठून सापडते?

प्रश्न : बी.कॉम. करून एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. करारात लिहिलेलंच नाही ते कोर्ट 'गर्भित अट' म्हणून वाचतं, हे पटत नाही. सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर असेल तर शिकायचं काय? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तू एसटीत बसतेस तेव्हा भाडं देण्याचा करार कुठे लिहून देतेस? तरी देणं लागतेसच. करार कायद्याचं (१८७२) कलम ९ अशाच न बोललेल्या वचनांबद्दल आहे.

मर्जीची शंका मात्र रास्त आहे. त्यासाठी इंग्लंडमधला 'मूरकॉक' खटला (१८८९) नीट वाच. टेम्स नदीच्या धक्क्याला लागलेलं मूरकॉक नावाचं जहाज ओहोटीत तळाच्या कठीण उंचवट्यावर टेकलं आणि त्याचं नुकसान झालं. नदीच्या तळाबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. पण ओहोटीला जहाज तळाला टेकणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. तिथला तळ कसा आहे याची माहिती काढणं धक्केवाल्यांनाच शक्य होतं. तेवढी काळजी त्यांनी घ्यायची, हे गृहीत धरल्याशिवाय व्यवहाराला अर्थच उरत नाही, असं कोर्टाने ठरवलं. आपल्या सुप्रीम कोर्टानेही नाभा पॉवर या वीज कंपनीच्या खटल्यातल्या २०१७च्या निकालात बजावलं आहे, की अट न्याय्य वाटते म्हणून घुसडता येत नाही. ती आवश्यक हवी, सांगायची गरज पडू नये इतकी उघड हवी, आणि लिहिलेल्या अटींशी तिचा विरोध नको. यात मर्जीला फार जागा राहत नाही.

काही गर्भित अटी तर कायद्यानेच घातल्यात. सेल ऑफ गुड्स ॲक्टची, म्हणजे मालविक्रीच्या कायद्याची (१९३०), कलमं १४ ते १७ बघ. गंमत म्हणजे कलम ६२ म्हणतं, उलट करार करून त्या टाळताही येतात. करारांचे मसुदे करणाऱ्या वकिलांचं बरंचसं काम इथेच चालतं. काम कंटाळवाणं असतं आणि बहुतेक इंग्रजीत. ते नको असेल तर जिल्हा न्यायालयाची वकिली आहे, मराठीत.

सध्या एक कर. घरातला किंवा शेजाऱ्यांचा भाडेकरार घे आणि त्यात काय लिहिलेलं नाही याची यादी कर. गळकं छत कोणी दुरुस्त करायचं, इथपासून. यात रात्रीचे बारा कधी वाजले हेच कळलं नाही, तर एलएलबी सोडू नकोस.

आणि बाबांना सांग, बँकांत विधी अधिकाऱ्याची पदं असतात, आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या परीक्षेतून भरतात. त्याला एलएलबी आणि बार कौन्सिलची सनद लागते.