भाषाविज्ञानाचा पहिला पेपर घ्यावा का? त्याचा अभ्यास कसा करायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पदवीला 'भाषाविज्ञानाची ओळख' हा विषय निवडता येतोय, पण मराठी, हिंदी, इंग्रजीपलीकडे भाषा येत नाही, शाळेतलं व्याकरण कधी आवडलं नाही, आणि यात गणित किती लागतं तेही माहीत नाही. अशा वेळी तो घ्यावा का?

घ्या, अगदी निःशंक घ्या. मी हाच विषय शिकले आणि आता पहिल्या वर्षाच्या मुलांचे गृहपाठ तपासते, त्यामुळे गाडी कुठे अडते ते सतत दिसतं. भाषा किती येतात यावर ती सहसा अडत नाही. अडते ती अक्षर म्हणजेच ध्वनी या सवयीपाशी. वर्षानुवर्षं आपण वाचत-लिहीत आलेलो असतो, म्हणून बोलणं ऐकतानाही डोळ्यांपुढे लिपी उभी राहते. पहिल्या सत्रात मुख्य कमाई करायची ती ही सवय मोडण्याची.

खरं तर देवनागरी वाचणाऱ्याला सुरुवातीला मोठा फायदा असतो. वर्णमालेतले क-वर्गापासून प-वर्गापर्यंतचे पाच वर्ग घशाकडून ओठांकडे येतात. आयपीएचा तक्ता, म्हणजे जगभरातल्या भाषांचे उच्चार लिहून घ्यायची चिन्हं, ओठांपासून सुरू होऊन घशाकडे जातो. दिशा उलटी, तत्त्व तेच. ताट आणि थाट यांतला फरक इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांना कान तयार करून शिकावा लागतो, तुम्हाला तो आयता मिळालाय. त्यामुळे फोनेटिक्सचे, म्हणजे उच्चारांच्या अभ्यासाचे, पहिले तास सोपे जातात, आणि तिथेच गाफील राहायला होतं.

आता 'दरवाजा' म्हणा, आणि लगेच 'दरवाजे' म्हणा. मोठ्याने म्हणा, मनात नको. पहिल्या शब्दातल्या 'ज'ला जिभेचं टोक दातांच्या मुळाशी टेकतं. दुसऱ्या शब्दात जीभ थोडी मागे, टाळूकडे सरकते. 'चमचा' आणि 'चमचे' यांतही तेच होतं. अक्षर एक, ध्वनी दोन. वर्गात हे दाखवलं की बहुतेक मुलं नियम लिहून मोकळी होतात: 'ए' किंवा 'ई' पुढे आला की टाळूकडचा ज, एरवी दातांकडचा. म्हणजे एकाच स्वनिमाची (शब्दाचा अर्थ बदलू शकणाऱ्या ध्वनीची) ही दोन रूपं.

पण 'जग मोठं आहे' मधला 'जग' आणि 'तू मनासारखं जग' मधला 'जग' म्हणून बघा. लिहायला अगदी सारखे, पुढचा स्वरही सारखाच, तरी उच्चार वेगळा आणि अर्थही वेगळा. या एका जोडीने वरचा निष्कर्ष कोसळतो. मराठीत हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत. फक्त 'दरवाजे'सारख्या रूपांत प्रत्ययातला 'ए' किंवा 'ई' लागला की त्यांच्यातला भेद पुसला जातो आणि टाळूकडचा ज उरतो. पुरावा दोन बाजूंना ओढत असताना दोन्ही बाजू कागदावर मांडून त्यातून वाट काढायची, हेच फोनॉलॉजीचं, म्हणजे भाषेतल्या ध्वनींची व्यवस्था शोधण्याचं, काम.

गृहपाठातली उदाहरणं बऱ्याचदा तुम्ही नावही न ऐकलेल्या भाषेतली असतात. वीस-पंचवीस शब्द दिलेले असतात आणि विचारलेलं असतं की अमुक दोन ध्वनी वेगळे स्वनिम आहेत की एकाचीच रूपं. आधी जगसारखी जोडी शोधा. मिळाली तर प्रश्न जवळपास सुटला. नाही मिळाली तर प्रत्येक शब्दात त्या ध्वनीच्या डावीकडे काय आहे आणि उजवीकडे काय आहे याच्या दोन याद्या करा. हे हाताने करा. नुसतं बघून नियम सुचतो, पण तो तपासला जात नाही. आणि उत्तर लिहिताना निष्कर्षापर्यंत कसे आलात ते सगळं लिहा. मी तरी नुसत्या बरोबर नियमाला फार गुण देत नाही. चुकीच्या निष्कर्षाकडे नेणारा नीट मांडलेला युक्तिवाद मला जास्त मोलाचा वाटतो.

व्याकरणाच्या नावडीबद्दल. शाळेत 'प्रयोग ओळखा' असा प्रश्न असायचा. 'मुलाने चिठ्ठी वाचली', कर्मणी. 'मुलाने मुलीला पाहिलं', भावे. नाव लिहिलं की दोन गुण. भाषाविज्ञान सुरू होतं ते नाव लिहून झाल्यावर. क्रियापद नेमकं कोणाचं ऐकतं? 'मुलगी चिठ्ठी वाचते' यात मुलीचं. 'मुलाने चिठ्ठी वाचली' यात मुलाला 'ने' लागला, म्हणून क्रियापद चिठ्ठीकडे वळलं. 'मुलाने मुलीला पाहिलं' यात दोघांनाही प्रत्यय, तेव्हा क्रियापद कोणाचंच न ऐकता नपुंसकलिंगी एकवचनी झालं. म्हणजे ज्याला प्रत्यय नाही त्याच्याशी क्रियापद जुळतं, असा छान नियम हाती आला.

आता 'मी चिठ्ठी वाचली' घ्या. 'मी'ला प्रत्यय दिसत नाही. तरी बोलणारा मुलगा असो की मुलगी, 'वाचली'च. मग 'मी'मध्ये न दिसणारी विभक्ती मानायची, की नियमच बदलायचा? आणि 'तू चिठ्ठी वाचलीस' मध्ये तर 'ली' चिठ्ठीचं आणि 'स' तुझा. एकच क्रियापद दोघांशी जुळतंय. शाळेत याला संकर प्रयोग म्हणून पुढे जायचे. इथे त्याच वाक्यापाशी तासभर थांबायला मिळतं. मला या विषयाची गोडी लागली ती इथेच. बास्क आणि जॉर्जियन या मराठीशी नात्याने न जोडलेल्या भाषांतही कर्त्याला असा वेगळा प्रत्यय लागतो, हे कळलं की आपल्या रोजच्या वाक्याकडे बघायची नजरच बदलते.

शुद्ध-अशुद्धाचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघतो आणि वर्गात वादही होतात. भूमिका अशी की लोक बोलतात ती भाषा, आणि ती कशी चालते ते सांगायचं. प्रमाणभाषेला कमी लेखायचं नाही, पण बोलीला चुकीची प्रमाणभाषा समजायचं नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या तीन डिपार्टमेंट स्टोअरमध्ये केलेलं काम बहुतेक अभ्यासक्रमांत असतं. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूची चौकशी करायची, विक्रेत्याने 'फोर्थ फ्लोअर' म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा म्हणायला लावायचं, आणि 'र' उच्चारला का ते टिपायचं. दुकान जितकं उच्चभ्रू तितका 'र' जास्त निघाला. बोलण्यातला फरक विस्कळीत नसतो, त्याला समाजाची रचना असते, हे इतक्या साध्या प्रश्नातून दाखवता आलं. हा भाग झोपाळलेल्या वर्गालाही जागा करतो.

नावं आणि सनावळ्या थोडक्यात आटपा. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांचं प्रसिद्ध पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1916 मध्ये, विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सहकाऱ्यांनी सिद्ध केलं, अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींचं वाक्यरचनेवरचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' 1957 चं, पाणिनीची अष्टाध्यायी जवळपास चार हजार सूत्रांची. एवढं माहीत असावं, पण याच्या पाठांतराने पेपर सुटत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नोट्स वाचण्यापेक्षा जुने डेटाचे प्रश्न नव्या कागदावर पुन्हा सोडवा. आणि शक्य असेल तर दोघातिघांनी मिळून बसा. 'हे वाक्य तुला चालतं का?' असं विचारायला दुसरं माणूस लागतं, कारण एकच वाक्य दहा वेळा घोळवलं की आपल्या कानाचा भरवसा उरत नाही.

गणिताचं म्हणाल तर अंकगणित जवळजवळ नाहीच. अर्थविचारात, म्हणजे सिमँटिक्समध्ये, संच आणि तर्कशास्त्राची चिन्हं येतात. 'प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक वाचलं' याचे दोन अर्थ होतात: सगळ्यांनी एकच ठरावीक पुस्तक वाचलं, किंवा ज्याने त्याने आपापलं. हे दोन अर्थ वेगळे लिहून दाखवायला ती चिन्हं लागतात, आणि ती वर्गात पहिल्यापासून शिकवतात. संख्याशास्त्र पुढच्या वर्षांत, प्रयोग आणि पाहण्या करायला लागलात की लागेल. पहिल्या सत्रासाठी त्याची धास्ती घेऊन विषय सोडू नका.