सकाळची ताठरता, वाढते वय आणि सायंकाळी काढलेले रक्त

आपले वय ५३ आहे, गेल्या सात-आठ महिन्यांत शिश्नाची सकाळची ताठरता जवळजवळ नाहीशी झाली आहे, पत्नीजवळ जाताना ती येते पण टिकत नाही, फॅमिली डॉक्टरांनी ‘वयोमानाने होतेच’ म्हणून विषय मिटवला आणि आता एका क्लिनिकने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) इंजेक्शनांचे पॅकेज सुचवले आहे, ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे. काही वर्षांपूर्वी मी नेमक्या याच जागी उभा होतो, म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माझे लिहिणे तपासणीला पर्याय समजू नये. व्यायाम, वजन, तंबाखू यांविषयी आपण सर्व जाणताच, ते मी सांगत बसत नाही.

‘वयोमानाने होते’ हे वाक्य अर्धे खरे आहे. निरोगी पुरुषाला रात्रभरात साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते, मुख्यतः स्वप्ने पडतात त्या आरईएम झोपेत, आणि सकाळी जाणवते ती त्यांपैकी शेवटची. मूत्राशय भरल्यामुळे ती येते ही समजूत आपल्याकडे घट्ट असली तरी तिचे नाते झोपेच्या चक्राशी आहे. वयाबरोबर ही झोप घटते, टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला सुमारे एक टक्क्याने उतरते, धमन्या लवचिक राहत नाहीत. त्यामुळे ताठरता विरळ होणे, पूर्वीइतकी कडक नसणे, उत्तेजित व्हायला अधिक वेळ लागणे हे सारे पन्नाशीनंतर स्वाभाविकच आहे. परंतु हा उतार वर्षानुवर्षांचा असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या पाहणीत (१९९४ साली प्रसिद्ध) ५२ टक्के पुरुषांनी कमी-अधिक तक्रार सांगितली होती, मात्र ताठरता पूर्णपणे गेलेल्यांचे प्रमाण चाळिशीत सुमारे ५ टक्के आणि सत्तरीत १५ टक्के निघाले. म्हणजे सत्तरीच्या गृहस्थाचेही बहुधा सगळे संपलेले नसते. मग त्रेपन्नाव्या वर्षी काही महिन्यांत जे गेले, त्याचे खापर वयावर फोडून कसे चालेल?

आता त्या पॅकेजविषयी. पुण्याच्या पश्चिम भागातील ज्या चकचकीत क्लिनिकमध्ये मी गेलो, तिथे लॅमिनेट केलेले दरपत्रक आधी पुढे आले आणि डॉक्टर नंतर. ऑफिस सुटल्यावर, चहा-बनमस्का पोटात असताना माझे रक्त काढले गेले, टेस्टोस्टेरॉन ‘कमी’ असल्याचे सांगण्यात आले आणि त्याच आठवड्यात पहिले इंजेक्शन टोचले गेले. साखर पाहिली नाही, रक्तदाब मोजला नाही, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) केले नाही, चालू औषधे विचारली नाहीत. सुरुवातीला थोडा उत्साह वाटला. पुढे ताठरता होती तिथेच राहिली आणि हिमोग्लोबिन मात्र चढत गेले, म्हणजे रक्त दाट होत गेले. हे सर्व वर्षभर चालले. अखेरीस मी ज्या एन्डोक्रिनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे) पोहोचलो, त्यांनी पहिला रिपोर्ट हातात घेतल्यावर आकड्याकडे न पाहता कोपऱ्यात छापलेल्या वेळेभोवती पेनाने गोल केला: सायंकाळी ६.४०. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि जेवण्याखाण्यानेही ते तात्पुरते खाली येते, म्हणून ते सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायचे असते. एका संध्याकाळच्या आकड्यावर कोणालाही इंजेक्शन सुरू करायचे नसते. शिवाय बाहेरून ते देऊ लागल्यावर शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते, त्यामुळे बंद करतानाही काही महिने त्रास होतो, तो मी भोगला आहे. खरे कारण मधुमेह होते, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) साडेआठच्या घरात, आणि एक अख्खे वर्ष तो निवांत आपले काम करीत राहिला. स्वारगेटजवळच्या भिंतींवरील ‘गुप्तरोग’वाल्यांना आपण हसतो, वातानुकूलित दालनात तेच चालते, तेव्हा ते आपल्या लक्षात येत नाही. ज्यांच्यात कमतरता खरोखर सिद्ध झाली आहे, त्यांना हा उपचार उपयोगी पडतो, हे मान्य करतो. माझा राग तपासणीच्या पद्धतीवर आहे.

मधुमेहाचा आणि याचा संबंध असा की ताठरतेसाठी रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवावे लागते आणि वाढलेली साखर त्या अस्तरावर तसेच नसांवर घाव घालते. शिश्नाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. त्यामुळे एकच रोग बऱ्याचदा खाली आधी दिसतो आणि हृदयाची लक्षणे काही वर्षांनी येतात. म्हणून आपल्या जागी मी प्रथम साखर, रक्तदाब, लिपिड आणि ईसीजी करून घेईन, टेस्टोस्टेरॉन त्यानंतर. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखे होत असेल, तर हा विषय बाजूला ठेवून आधी हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. आपण घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल, तर झोपेतील श्वासावरोधाचीही तपासणी सुचवेन.

सकाळी ताठरता व्यवस्थित येते पण पत्नीजवळ येत नाही, अशा वेळी ताण किंवा नात्यातील अडचण अधिक संभवते. दोन्हीकडे नसेल तर शरीराकडे बोट जाते. ही खूण सरसकट लावू नये, कारण नैराश्यात सकाळचीही ताठरता जाऊ शकते. पत्नीला ‘यांना माझा कंटाळा आला’ असे वाटते, असेही आपण लिहिले आहे. त्यांना तपासणीला सोबत न्यावे. याच वयात रजोनिवृत्तीमुळे स्त्रीला कोरडेपणा आणि वेदना होतात, त्यांवर उपाय आहेत, पण स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे हा विषय काढायला त्याही बहुधा संकोचत असतील.

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने ओळखली जाणारी ताठरतेची गोळी, १९९८ पासून वापरात आहे आणि योग्य माणसाला त्याचा चांगला उपयोग होतो, मलाही झाला. पण छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते कदापि घेऊ नये, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो; प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असल्यास डॉक्टरांना सांगूनच घ्यावे. चिठ्ठीशिवाय देणारा केमिस्ट यातले काहीच विचारत नाही.

तपासणीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात, नुसती नावे लिहून नव्हे. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल, तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते आणि काही पुरुषांत ते ताठरता कमी करते. नैराश्यावरील काही गोळ्यांचेही तसेच आहे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पर्याय विचारावा. आणि कोणी ‘ताकदीची’ म्हणून दिलेली पुडी घेत असाल तर तीही पिशवीत ठेवावी, कारण अशा पुड्यांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा आढळले आहे.